आतोचा पाय आणि आमचं मंडळ

एसिकाडो, सेकोंडी
१४ फेब्रुवारी २०१६

एको दादा,

फोन तू उचलत नाहीस. एसी उचलते आणि म्हणते, "आत्या, बाबा झोपलेत." सकाळी अकरा वाजता तू कधीपासून झोपायला लागलास? म्हणून हे पत्र ती शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर टाकतेय. लेक स्वतः हातात आणून देईल, तेव्हा तिच्यासमोर फाडायची तुला लाज वाटेल, असा माझा अंदाज आहे.

"मंडळ सोडल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस," असं म्हणून तू तामालेच्या गाडीत बसलास. तू स्वतःचं नाव काढून घेतलंस, पण आपलं निवृत्त गिरणीकामगारांचं मंडळ मी सोडलेलं नाही. चिटणीस अजून मीच आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव.

आतोचा पाय आता मी घरीच धुते. दिवसाआड सकाळी जाते. त्याची बायको एकुआ पाणी उकळून झाकून ठेवते. दवाखान्यात मिळायची तशी पट्टी बाजारात मिळते, पण महाग, म्हणून जुनी चादर उकळून, उन्हात वाळवून फाडतो. अंगठ्याखालची जखम एका सेडीच्या नाण्याएवढी होती, आता दोन शेजारी ठेवली तर होतील तेवढी आहे. त्याची साखर किती आहे मला माहीत नाही. मोजायचं यंत्र लाकूडगिरणीच्या दवाखान्यात राहिलं आणि दवाखान्याच्या दारावर कागद आहे, "फक्त कामावरील कर्मचाऱ्यांसाठी". तो कागद लावला त्याच दिवशी तू माझ्याकडे आला होतास.

आतो म्हणतो, "सिस्टर, तुझा भाऊ तिकडे उत्तरेत काय करतो? तिथे तर लाकूडही नाही कापायला." मी म्हटलं, नातवंडांना दटावतो. तो हसला. तीस वर्षं मोठ्या करवतीवर तुझ्यासमोर उभा राहिलेला माणूस, त्याला तुझ्यावर रागावताच येत नाही. माझ्यावरही येत नाही. त्याचंच मला जास्त लागतं.

सभेत जे झालं त्याबद्दल एकदाच लिहिते. तू आणि आतोने गिरणीच्या फाटकापुढे नऊ दिवस स्टुलं टाकून निवृत्तांसाठी दवाखाना मिळवला, त्याला पंधरा वर्षं झाली. ऑक्टोबरच्या सभेला आलेल्यांपैकी निम्म्यांना ते आठवतही नव्हतं. त्यांनी पाहिलं ते विमा कंपनीच्या अंत्यविधी योजनेचं पडद्यावरचं चित्र: पांढरी शवपेटी, पितळी कड्या, बँड, दीडशे खुर्च्या, मंडप. मंडळाचे आताचे अध्यक्ष न्यार्कूसाहेब ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "आयुष्यभर लाकूड आपण कापलं, आणि जायचं कशातून? कुणाच्या तरी उसन्या पेटीतून?" लोक उभे राहिले. ज्यांना मुलं विचारत नाहीत ते आधी उभे राहिले.

मग तू उठलास आणि थेट माझ्याकडे बघून विचारलंस, "आराबा, योजनेचा करार तू आपल्या फांती भाषेत वाचून दाखवलास. दवाखान्याबद्दल त्यात काही आहे?" मी म्हटलं, "वेगळं काही नाही." तू म्हणालास, "हे लोक आपल्याला मेल्यावर गाडी देतील आणि जिवंतपणी मलम काढून घेतील." मागून म्हातारी मान्सा ओरडली, "एको, तुला कोण उचलणार ते आधी सांग, मग आमच्या पेटीवर बोल!" सगळे हसले. हात वर झाले. माझाही झाला.

दवाखान्याचा हक्क जातो असं लिहिलेलं ते पान मी वाचलं नव्हतं, दादा. जानेवारीत तुला सांगितलं, तेच आज लिहिते.

उत्तर पाठव. आतोसाठी तरी पाठव.

आराबा


१९ मार्च

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे.

आतोचा अंगठा काळा पडला. मला वासावरूनच कळलं, पाय बघायची गरज नव्हती. बत्तीस वर्षं परिचारिका होते मी. एकुआला म्हटलं, कपडे भर, मोठ्या इस्पितळात जायचंय. टॅक्सीवाल्याने नाक मुरडलं, काचा खाली केल्या, पण नेलं.

तिथे सकाळी सहाला बसलो, दुपारी दोनला आत गेलो. डॉक्टरीणबाई आपल्या एसीच्या वयाची. तिने नीट पाहिलं, नीट बोलली. अंगठा नाही, घोट्याच्या वरपर्यंत काढावं लागेल म्हणाली. त्याआधी साखर खाली आणायची, रक्ताची सोय करायची, मग तारीख. माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "दोन महिन्यांपूर्वी कुठे होता तुम्ही?" मी काय सांगणार? मी पट्टी बांधायला घेतली.

आतो बाहेर येऊन बाकड्यावर बसला आणि आपला डावा हात बघत राहिला. दोन बोटं नसलेला. म्हणाला, "ही गिरणीने खाल्ली. पाय इस्पितळ खाणार. सिस्टर, त्या पांढऱ्या पेटीत ठेवायला शेवटी काय उरेल? पेटी छोटी घ्यायला सांग न्यार्कूला, तेवढीच बचत." एकुआने त्याच्या दंडावर चापट मारली. मग दोघंही रडले. मी मक्याचं केंके आणि तळलेला मासा आणायला उठले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या नव्या कचेरीत गेले. तू पाहिलेली नाहीस. बाजाराजवळ वरचा मजला, थंड हवेचं यंत्र, भिंतीवर विमा कंपनीचं कॅलेंडर. तुझा फोटो आहे तिथे, खोटं नाही सांगत, "संस्थापक अध्यक्ष" लिहून.

न्यार्कूसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. तू त्यांना चोर म्हणतोस. मला ते चोर वाटत नाहीत, म्हणून तर बोलणं इतकं अवघड जातं.

"सिस्टर," ते म्हणाले, "आतो बेंटिलसाठी माझा जीव तुटतो. पण योजना मृत्यूपासून सुरू होते."

"म्हणजे त्याने आधी मरावं?"

"असं बोलू नका. करार तुमच्यासमोर आहे. औषध, शस्त्रक्रिया, इस्पितळात न्यायला गाडी, त्यात काहीच नाही."

"मग गिरणीकडे जाऊ. पुन्हा फाटकापुढे बसू."

ते खुर्चीत मागे टेकले. "फाटक कुणाचं आहे आता? मालक तीनदा बदलले. पहिल्यांदा बसलो तेव्हा आत आपली माणसं कामावर होती, त्यांनी हत्यारं खाली ठेवली, म्हणून मालक बाहेर आला. आज आत सगळे कंत्राटावरचे. ते कुणासाठी हत्यारं ठेवतील? आणि आपण? आपण काय बंद पाडणार, सिस्टर? आपल्या हातात काम आहे का बंद पाडायला?"

तुझ्याकडे याचं उत्तर असेल तर लिही.

तरी आम्ही गेलो. सहा जण. मी, एकुआ, तो बहिरा कोबिना, मान्सा (हो, तीच), आणि लाकडाची सालं सोलायच्या विभागातले दोघं. सोमवारी सकाळी आठला स्टुलं टाकली. पहारेकरी आला, मला वाटलं हाकलेल. उलट त्याने विचारलं, "आजी, ऊन लागेल, झाडाखाली बसता का?" पाणी आणून दिलं. आत निरोप दिला म्हणाला. लाकडाचे ट्रक आमच्यापुढून गेले, चालक हात हलवत होते. कुणी बाहेर आलं नाही. कुणी उठाही म्हटलं नाही. चार वाजता मान्साचे गुडघे धरले, मग आम्ही स्टुलं उचलली आणि घरी आलो. पहारेकरी म्हणाला, "सावकाश जा."

तू असतास तर काय केलं असतंस? खरंच विचारतेय, टोमणा नाही.

आराबा


२४ एप्रिल

दादा,

इस्पितळाने तारीख दिली होती, १२ एप्रिल. आदल्या दिवशी साखर चढली, म्हणून पुढे ढकलली. मग २१ दिली. त्या दिवशी भूल देणारा डॉक्टर नव्हता. आता मेच्या पहिल्या आठवड्यात बघू म्हणतात. काळेपणा घोट्यापर्यंत आलाय. मी रोज जाते आता, दिवसाआड नाही.

काल पट्टी बदलताना आतो म्हणाला, "त्या सभेत मीही हात वर केला होता, माहितेय?"

मला माहीत होतं. मंचावरून मला सगळे हात दिसत होते.

"एकोच्या शेजारी बसून केला," तो म्हणाला. "त्याने बघितलं माझ्याकडे. मी म्हटलं, एको, माझ्या बापाला आम्ही गोणपाटात पुरलंय." मग म्हणाला, "दवाखाना जाईल असं कुणी सांगितलं असतं, तर नसता केला."

माझ्या हातात त्याचा पाय होता. मी पट्टी बांधली, गाठ मारली, हात धुतले, घरी आले. आणि हे पत्र लिहायला बसले, कारण त्याच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

ते पान मी वाचलं होतं.

करार मीच तर टंकलेखन यंत्रावर दोनदा उतरवला. चौथं पान, खालून तिसरी ओळ: योजना सुरू झाल्यावर निवृत्तांचा गिरणीच्या दवाखान्यावरचा हक्क संपेल. सभेच्या आधी न्यार्कूसाहेब म्हणाले होते, "महत्त्वाचं तेवढं वाचा, लोक कंटाळतात." मी विचारलं, "आणि हे?" ते म्हणाले, "गिरणी तो दवाखाना तसाही बंद करणार आहे, वर्षभरात. आपण काही न घेता गमावण्यापेक्षा काहीतरी घेऊन सोडू. आणि नव्या कचेरीत एक खोली तुमची. मंडळाचा स्वतःचा दवाखाना. रक्तदाब, साखर, पट्ट्या. तुम्ही चालवायचा."

दादा, मी त्या खोलीसाठी खोटं बोलले. पैशासाठी नाही, एवढं तरी मान. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती मला. कुणी "सिस्टर" म्हणून दार ठोठावत नव्हतं. मी मनात त्या खोलीत कपाट कुठे, टेबल कुठे, सगळं मांडून ठेवलं होतं. पडद्याचं कापडही बघून आले होते, हिरवं.

त्या खोलीत आता मंडपाच्या काठ्या आणि खुर्च्या ठेवतात. मी विचारलं तर न्यार्कूसाहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." त्यांना स्वतःला ते खरं वाटत होतं.

तू मला विचारलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांत शंका नव्हती. मी "नाही" म्हणाले आणि तू तिथल्या तिथे मानलंस. म्हणूनच जानेवारीत तू इतका पेटलास, हे मला कळतं. मी हे आधी का नाही लिहिलं, तर तू कधीच परत येणार नाहीस या भीतीने. आता तसाही येत नाहीस.

आतोला सांगू का? तू सांग. तू म्हणशील ते करीन.

आराबा


१२ मे

दादा,

आतो गेला. परवा, मंगळवारी, दुपारी साडेबाराला. एसीला फोनवर सांगितलं, तिने तुला सांगितलं असेल.

दोन दिवस ताप होता. विष अंगात पसरलं होतं. सोमवारी इस्पितळात न्यायला मंडळाची गाडी मागितली, ती काळी लांब नवी गाडी. न्यार्कूसाहेबांच्या पुतण्याने सांगितलं, ती फक्त योजनेच्या कामाला निघते, कंपनीचा नियम आहे. टॅक्सी मिळाली, इस्पितळात गेलो, खाट नव्हती, बाकावर सलाईन लावलं. मंगळवारी सकाळी आतोच म्हणाला, "घरी चल." डॉक्टरीणबाईने अडवलं नाही. त्यावरून मी समजले.

घरी आल्यावर त्याने पाणी मागितलं. मग तुझी चौकशी केली. मी म्हटलं, एकोचं पत्र आलंय, येतोय म्हणून. खोटं बोलायची सवय लागली आहे मला. तो म्हणाला, "करवतीला तेल घालून ठेव म्हणावं." तेच त्याचं शेवटचं बोलणं.

मी त्याला सांगितलं नाही, दादा. तुझं उत्तर आलं नव्हतं.

एकुआने मंडळाला फोन केला साडेबारानंतर. सव्वाला गाडी दारात. पांढरे हातमोजे घातलेली चार माणसं. त्यांनी त्याला इतकं हळुवार उचललं की मी दाराला धरून उभी राहिले. त्याच्या काळ्या पायाखाली एकाने वेगळी उशी ठेवली.

आराबा


२७ जून

दादा,

अंत्ययात्रा ११ तारखेला झाली. तू येशील म्हणून एकुआने पहिल्या रांगेत एक खुर्ची धरून ठेवली होती. दहा वाजता कुणीतरी लहान पोर तिच्यावर बसलं, तिने उठवलं नाही.

खोटं कशाला बोलू, सुंदर झालं. आतो सत्तरी ओलांडलेला, म्हणून आम्ही शोकाचं लाल-काळं न नेसता पांढरं-काळं नेसलो. चौकाचौकात त्याचा फोटो, कोट घातलेला. तो कोट कधी होता त्याच्याकडे? स्टुडिओवाल्याने चिकटवला. बँड होता, दीडशे खुर्च्या मोजून दीडशे. पेटी पांढरी, पितळी कड्यांची. शेवटचं दर्शन ठेवलं तेव्हा हातात पांढरे मोजे, कापूस भरून पाचही बोटं केलेली. पायांत बूट, दोन्ही.

न्यार्कूसाहेब बोलले. म्हणाले, मंडळ आपल्या सभासदाला कधी एकटं सोडत नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. खरेच भरले होते, मी शेजारी उभी होते.

जेवणाच्या वेळी एकुआने माझा हात धरला. "सिस्टर, बघितलंस? माझ्या आतोला अख्ख्या सेकोंडीने पाहिलं. त्याच्या बापाच्या वेळी रस्त्यावरचे लोक वळूनही बघत नव्हते." तिचा चेहरा उजळला होता. चार महिन्यांत पहिल्यांदा. त्या चेहऱ्याला मी चौथ्या पानाचं काय सांगू? मी म्हटलं, "हो, छान झालं." आणि तिला भात वाढला.

मंडपाच्या कडेला मंडळाने टेबल मांडलं होतं. नाव नोंदवायला. फॉर्म भरायचं काम चिटणिसाचं. मी बसले. संध्याकाळपर्यंत एकोणीस जणांनी नावं दिली. बहिरा कोबिना आला, मान्साचा धाकटा भाऊ आला. फाटकापुढे माझ्यासोबत बसलेले दोघंही आले. एकाने विचारलं, "सिस्टर, हे घेतलं की औषधाचंही बघतात ना?" मी म्हटलं, "नाही. औषधाचं काही नाही. नीट ऐक, औषधाचं काहीही नाही." या वेळी मोठ्याने सांगितलं, मागच्यांनाही ऐकू जाईल असं. त्याने जरा विचार केला. म्हणाला, "औषधाचं तसंही कोण बघतं? लिही माझं नाव."

मी लिहिलं.

राजीनामा लिहून ठेवलाय, पाकिटात. तीनदा कचेरीत घेऊन गेले. पण माझ्याजागी न्यार्कूसाहेबांचा पुतण्या येईल, आणि तो "औषधाचं काही नाही" हे वाक्य कुणाला सांगणार नाही. निदान तेवढं सांगायला तरी मी असावं. की हीही माझी पुन्हा एक हिरव्या पडद्याची खोली आहे? मला आता स्वतःचंच कळेनासं झालंय.

आराबा


२० ऑगस्ट

एको दादा,

तुझं पत्र आलं. आठ महिन्यांनी, आणि साडेतीन ओळी. पण अक्षर तुझंच, टोकदार.

मला वाटलं होतं तू शिव्या घालशील. मी तयारी करून बसले होते. पाकीट फोडायच्या आधी दार लावून घेतलं, शेजारणीला आवाज जाऊ नये म्हणून. जणू पत्र ओरडणार होतं. आणि आत तू लिहिलंस: "मूत्रपिंडं गेलीत म्हणतात. इकडची माती लाल आणि कोरडी आहे, मला इथे ठेवू नका. आतोचे फोटो एसीने फोनवर दाखवले. माझं नाव घाल."

चौथ्या पानाबद्दल एक शब्द नाही. माफ केलंस की आता त्याला काही अर्थ उरला नाही, हे मला त्या साडेतीन ओळींतून शोधता आलं नाही. खूप वेळा वाचलं.

मूत्रपिंडं कधी गेली? कोण म्हणतं? रक्त धुवायला आठवड्याला किती वेळा नेतात, की नेतच नाहीत? एसीला मी फोन केला, ती रडायला लागली आणि तिने फोन ठेवला. त्यावरून मी समजायचं ते समजले. माझ्याकडे विचारायला जागा एकच, मंडळ. विचारलं. न्यार्कूसाहेबांनी मान खाली घालून ऐकलं.

मग तुझा फॉर्म भरला. जन्मतारीख मला पाठ होती. धर्म, चर्च, आवडतं भजन (मी तुझ्या आवडीचं नाही, आईच्या आवडीचं लिहिलं, तुला चालेल). कुठे पुरायचं, तिथे एसिकाडो लिहिलं, आईबापांच्या शेजारी. चिटणिसाच्या सहीची जागा खाली असते. तिथे सही केली.

१८ तारखेच्या सभेत नवीन नावं वाचली. तुझं आलं तेव्हा न्यार्कूसाहेब खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "आपले संस्थापक घरी परत आले." सगळं सभागृह उभं राहिलं, दादा. काठ्या टेकत टेकत उभे राहिले. मान्सा रडत होती. टाळ्या थांबेनात. मला राग यायला हवा होता. आलाही. पण मला त्यातला एक माणूस दाखवता येईना ज्याच्यावर तो काढावा.

आता एक शेवटचं, आणि हे तू नीट वाच, एसीलाही वाचून दाखव. मी यावर भांडले, विनंती केली, संस्थापक आहे म्हटलं, काही उपयोग झाला नाही. कंपनीचा नियम आहे, पुन्हा नाव घातलेल्यालाही लागू आहे. नाव नोंदवल्यापासून सहा महिने योजना सुरू होत नाही. त्याआधी काही झालं तर पेटी नाही, गाडी नाही, तामालेहून इथवर आणणारं कुणी नाही.

म्हणजे १८ फेब्रुवारी. तोवर तुला जगावं लागेल, दादा. कसं ते मला माहीत नाही. मी परिचारिका आहे, मला माहीत असायला हवं होतं. पण तोवर जग.

तुझी,
आराबा